'स्विच' जलद, पण केव्हा?

जून लागला की औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत 'सी' भाषेच्या पुस्तकांची चौकशी सुरू होते. त्यांत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे नाव ठरलेले. इंग्रजीला बिचकणारा विद्यार्थीही ते हाती धरतो, इतके ते सोपे आहे. म्हणूनच त्यातील एक विधान तपासायला हवे.

अनेक पर्यायांतून एक निवडताना 'इफ-एल्स'च्या शिडीपेक्षा 'स्विच' जलद, कारण कंपायलर उड्यांचा तक्ता तयार करतो, असे ते सांगते. पर्याय दोनच असतील तर उलट घडेल, ही पुस्तीही लेखकाने जोडली आहे. वर्गात मात्र पुस्ती गळते आणि 'स्विच जलद' एवढेच फळ्यावर उरते.

पर्यायांचे आकडे १ ते १० असे लागोपाठ असतील तर तक्ता जमतो. ५, ७००, ९०,००० असे विखुरलेले असतील तर कंपायलर, शब्दकोशात शब्द शोधावा तसा, अर्धी-अर्धी बाजू वगळत जातो. उलट २०२१ च्या 'जीसीसी ११' पासून हा कंपायलर योग्य अशा शिडीचे रूपांतर स्वतःच स्विचमध्ये करू शकतो!

खरी उणीव पुढेच आहे. पुस्तक तुलनांची संख्या मोजते. आजचा प्रोसेसर अटीच्या उत्तरासाठी थांबत नाही; मागच्या अनुभवावरून अंदाज बांधून पुढे निघतो. जूनमध्ये 'औरंगपुरा' ऐकताच रिक्षावाला न विचारता पुस्तकांच्या दुकानाकडे वळतो, तसेच हे. अंदाज चुकला की केलेले काम टाकून परत फिरायचे. त्यात साधारण १५ ते २० ठोके वाया जातात. साध्या तुलनेला एखादा ठोका पुरतो. स्विचच्या तक्त्यातली उडीही अंदाजानेच मारली जाते.

समजा, ६० वा अधिक गुणांचे विद्यार्थी मोजायचे आहेत. यादी गुणानुक्रमे असेल तर अटीचे उत्तर एकदाच बदलते. बैठक क्रमांकाने असेल तर ते सारखे उलटसुलट होते. आज्ञावली तीच, तुलना तेवढ्याच, वेळ मात्र वेगळा. 'सी'मध्ये तुलनेचे उत्तर १ किंवा ० असते. तेच बेरजेत मिळवले तर फाटा फुटतच नाही. पुष्कळदा कंपायलर हे आपण होऊन करतो, म्हणून वर्गात दहा लाख गुणांवर प्रयोग करताना कंपायलरची सुधारणा एकदा बंद व एकदा चालू ठेवून वेळ मोजावा. पुढील आवृत्तीत लेखकाने या प्रयोगाला दोन पाने द्यावीत.