वंशावळीतील मौन
(‘लाइफ ऑफ जॉर्ज बेंट’ या ग्रंथाच्या निमित्ताने)

कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला दोन मोह पडतात. पूर्वजांचे पराक्रम वाढवून सांगावेत, हा पहिला. त्यांच्यावर झालेला अन्याय तेवढा नोंदवावा आणि त्यांच्या हातून जे घडले त्यावर पडदा टाकावा, हा दुसरा. पहिला मोह चटकन ओळखू येतो. दुसरा सहसा ओळखू येत नाही, कारण त्याच्या बाजूने अश्रू साक्ष देत असतात. अमेरिकेतील शायेन आणि अरापाहो या मूळ जमातींच्या इतिहासात ज्याला मानाचे स्थान आहे, तो ‘लाइफ ऑफ जॉर्ज बेंट’ हा ग्रंथ या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

जॉर्ज बेंटचा जन्म १८४३ सालचा. वडील विल्यम बेंट हे आर्कान्सा नदीकाठच्या व्यापारी कोटाचे गोरे धनी, तर आई आउल वुमन ही शायेनांच्या पवित्र बाणांचे रक्षण करणाऱ्या व्हाइट थंडर यांची कन्या. आईची बहीण यलो वुमन हीदेखील याच घरची गृहिणी. शायेन भाषेत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जॉर्ज मिसुरीतील शाळांत शिकला, यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढला, १८६२ साली पकडला गेला आणि सुटल्यावर आईच्या माणसांत परतला.

ग्रंथाचा गाभा म्हणजे २९ नोव्हेंबर १८६४ ची सँड क्रीक येथील पहाट. ब्लॅक केटल या शांतताप्रिय प्रमुखाने आपल्या तंबूवर अमेरिकेचा ध्वज लावला होता. तरीही सैन्य तुटून पडले. सुमारे २३० माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्धच अधिक होते. त्या छावणीत जॉर्ज आणि त्याचा भाऊ चार्ल्स होते. आणि सैनिकांनी वाट दाखवण्यासाठी बळजबरीने आणलेला वाटाड्या होता त्यांचाच थोरला भाऊ रॉबर्ट! एका घराची अशी फाळणी कल्पित कादंबरीत आली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते. जॉर्ज स्वतः कमरेजवळ गोळी लागून जखमी झाला होता. पण त्याचे निवेदन आक्रोश करीत नाही. कोण कुठे होते, कोण कुठल्या वाटेने पळाले, एवढेच तो सांगत जातो. हा संयम हे या ग्रंथाचे मोठे बळ आहे.

परंतु हा आवाज खरोखर कोणाचा? १९०५ च्या सुमारापासून १९१८ साली मृत्यू येईपर्यंत बेंटने ओमाहा येथील जॉर्ज हाइड या अभ्यासकाला पत्रे लिहिली. श्रवणशक्ती गेलेल्या, दृष्टीही अधू असलेल्या हाइडने त्या पत्रांतून सलग आत्मकथन घडवले. ते छापले गेले १९६८ साली, म्हणजे बेंटच्या निधनानंतर अर्ध्या शतकाने. सांगणारा एक आणि रचणारा दुसरा, हे वाचकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट आहे ती मौनाची. युद्धे संपतात आणि त्यांच्याबरोबर ग्रंथही आटोपता होतो. १८६९ साली या दोन्ही जमातींसाठी राखीव प्रदेश ठरवण्यात आला आणि डार्लिंग्टन हे त्याचे सरकारी ठाणे झाले. बेंट तेथे दुभाषी होता. पुढे गोऱ्या गुरेमालकांना चराईच्या जमिनी भाड्याने मिळवून देण्यात आणि १८९० साली जेरोम आयोगाच्या करारासाठी लोकांची संमती गोळा करण्यात त्याचा हात होता. त्या करारान्वये माणशी १६० एकर जमीन देण्यात आली आणि उरलेली सुमारे ३५ लाख एकर भूमी एप्रिल १८९२ मध्ये गोऱ्या वसाहतकारांना खुली झाली. सँड क्रीकचा साक्षीदार या दुसऱ्या हानीचा सहभागी होता. आत्मकथनात याचा जाब कोठेच नाही.

ही उणीव दोन ग्रंथ भरून काढतात. डोनल्ड बर्थ्राँग यांचे ‘द शायेन अँड अरापाहो ऑर्डील’ (१९७६) सरकारी दप्तरांच्या आधारे १८७५ ते १९०७ चा काळ उभा करते. शिधा कसा अपुरा पडे आणि १९०२ च्या कायद्याने वारसांना जमिनी विकण्याची मुभा मिळताच त्या कशा हातोहात गेल्या, हे त्यात वाचावे. मात्र येथे माणसे आकड्यांच्या आड उभी राहतात. ती समोर येतात कार्ल स्वीझी या अरापाहो चित्रकाराच्या आठवणींत. ऑल्थिया बॅस यांनी शब्दांकित केलेले ‘द अरापाहो वे’ हे पुस्तक १९६६ साली, स्वीझीच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. शिध्याची गुरे मोकळी सोडली की पुरुष त्यांच्यामागे घोडे घालीत आणि हरवलेली रानगव्यांची शिकार घटकाभर पुन्हा जगत. हा उत्सवही होता आणि सुतकही. स्वीझी मवाळ आहे, कधी कधी फारच मवाळ. पण राखीव प्रदेशातले रोजचे जिणे त्याच्याइतके जवळून बेंटने दाखवलेले नाही.

हे दोषदर्शन बेंटला कमी लेखण्यासाठी नव्हे. जगण्यासाठी दोन घरांशी जमवून घ्यावे लागलेल्या माणसावर आपण दुरून निकाल देणे सोपे आहे. शिवाय आपल्याही ख्रिस्ती घराण्याचे मौन येथे तपासले जाते. सँड क्रीकवर चालून गेलेला कर्नल शिव्हिंग्टन हा मेथडिस्ट धर्मोपदेशक होता. त्याच्या मंडळीने १९९६ साली, म्हणजे १३२ वर्षांनी, जाहीर क्षमा मागितली. उशिरा का होईना, ती वंशावळीत लिहिली गेली.

संत मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना दाविदाचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले. पण त्याच ओळीत उरियाची पत्नीही आणली. राजाचे पाप झाकण्याची सोय त्याला होती. त्याने ती वापरली नाही. कुटुंबाच्या इतिहासाला याहून चांगला कित्ता नाही. बेंटचा ग्रंथ अवश्य वाचावा, कारण सँड क्रीकची इतकी आतली साक्ष फार थोड्यांनी दिली आहे. मात्र तो जेथे थांबतो तेथे आपण थांबू नये. पुढची पाने इतरांनी लिहिली आहेत. तीही त्याच घराण्याची आहेत.