‘पाठलाग’ : रहस्य कळल्यानंतर

रहस्यपट एकदाच पाहावा, असे म्हणतात. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आम्ही इतक्यांदा पाहिला आहे की, त्यातले रहस्य आमच्यापुरते केव्हाच संपले. ओढ मात्र संपली नाही.

येथे ग्वाल्हेरीत आपल्यापैकी अनेकांना ही कथा प्रथम भेटली ती राज खोसला यांच्या ‘मेरा साया’तून (१९६६). मूळ मात्र मराठीच : जयंत देवकुळे यांची कादंबरी ‘आशा परत येते’.

जिचा मृत्यू डोळ्यांदेखत झाला, तिच्याच रूपाची स्त्री आरोपीच्या पिंजऱ्यातून ‘मी आपली पत्नी’ असे सांगते आणि वकील पतीच तिची उलटतपासणी घेतो. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिकांतला हा संघर्ष प्रथमदर्शनी आपण पतीच्या डोळ्यांनी पाहतो. ही कोण, एवढाच प्रश्न असतो.

उत्तर ठाऊक असताना पाहावे, तर चित्र पालटते. ती खरेच बोलत आहे. संसारातल्या खासगी खुणा ती एकेक करून भर न्यायालयात मांडते आणि पती त्यांवरही संशय घेतो. कागदोपत्री पुरावा पाहून निर्णय देण्यात उभी नोकरी गेलेल्या आम्हांला हे दृश्य आता अधिकच अस्वस्थ करते.

जुळ्या बहिणीच्या खुलाशाने कोडे सुटते. पण पतीही फार सहज सुटतो. त्या अविश्वासाचा निवाडा व्हायचा राहूनच जातो. तो प्रेक्षकाने करावा, म्हणूनच हा चित्रपट पुन्हा पाहावा.