‘डांबरी काँक्रीटचा गाभा’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘ॲस्फाल्ट काँक्रीट कोअर’ या धरणशास्त्रीय संज्ञेचे मराठीकरण करावयास बसलेला लेखक सहजच ‘डांबरी काँक्रीटचा गाभा’ असे लिहून जातो. या पदबंधाने वाचकाची समजूत, तीही सुरक्षिततेसारख्या विषयात, उलटी होण्याचा संभव आहे.

‘डांबर’ शब्दाने दगडी कोळशाचा टार आणि खनिज तेलापासूनचे बिटुमेन हे दोन्ही पदार्थ ओळखले जातात. कपाटातील डांबरगोळी पहिल्याच्या वंशातील. धरणात योजितात ते बिटुमेन. हा दोष किरकोळ होय.

खरा घोटाळा ‘काँक्रीट’ करते. तो शब्द ऐकताच सिमेंटचा ताठरपणा आठवतो व मजबुती हीच कसोटी वाटू लागते. वस्तुतः येथे ताठरपणा हाच धोका आहे. खडी, वाळू व दगडाची भुकटी यांत वजनाने सहा-सात टक्के बिटुमेन मिसळून, ते गरम मिश्रण वीसेक सेंटिमीटरच्या थरांनी दाबीत हा गाभा चढवितात. नॉर्वेतील स्टोरग्लोमवात्न धरण (१९९७) १२५ मीटर उंच. त्याचा गाभा पायथ्याशीही एक मीटरहून अरुंद आहे. भार सोसावयाचा तो दोन्ही बाजूंच्या दगडी भरावाने. भराव खचेल तसे गाभ्याने न तडकता वाकावयाचे. मिश्रणातील पोकळी ३ टक्क्यांहून कमी असेतोवर पाणी जवळजवळ झिरपत नाही. मात्र अतिरिक्त कर्तनाने मिश्रण फुगले की पोकळ्या वाढून अभेद्यता ढळते. तेव्हा प्रश्न ‘किती मजबूत?’ असा नसून ‘किती विरूपण सोसेल?’ असा आहे.

‘गाभा’ मात्र आम्हांस मान्य आहे. केळीचा गाभा आठवावा : स्वतः मऊ, सोपटांनी उभा धरलेला.

गाभा सिमेंट काँक्रीटच्या पायावर टेकतो तो सांधा विशेष नाजूक असतो. म्हणून तेथे बिटुमेनयुक्त मॅस्टिकचा लेप देतात. ‘काँक्रीटवर काँक्रीट’ असे लिहिले की लवचिक व ताठ यांची ही गाठ वाचकास दिसतच नाही. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत मातीचे होते, त्यात असला गाभा नव्हता. तथापि तेथेही भराव खचला तो निर्गम नलिकेच्या, म्हणजे एका ताठ बांधकामाच्या, परिसरातच.

‘बिटुमेन-मिश्रणाचा गाभा’ अशी संज्ञा आम्ही सुचवितो. ती लांबट आहे व कानास गोड नाही, हे कबूल. रस्त्यांच्या संदर्भात ‘डांबरी’ खुशाल राहू द्यावे.