विचारपूस आणि चौकशी

शहर राहण्यास चांगले कशाने ठरते, हा प्रश्न सरकारला पडला तेव्हा सरकारने शहरांना गुण दिले आणि क्रमांक लावले. आम्हा शिक्षकांना ही पद्धत परिचयाची आहे. 2018 साली केंद्र शासनाने देशातील 111 शहरांची अशी परीक्षा घेतली आणि तीत पुणे पहिले आले. दुसरा क्रमांक नवी मुंबईचा, तिसरा बृहन्मुंबईचा, आणि ठाणे सहावे. पुढच्या परीक्षेचा निकाल मार्च 2021 मध्ये लागला. या खेपेस दहा लाखांहून अधिक वस्तीची 49 शहरे वेगळी काढली होती. त्यांत बंगळूर पहिले, पुणे दुसरे, आणि आमचे कल्याण-डोंबिवली बारावे. दिल्ली तेरावी! राजधानीला मागे टाकल्याचा आनंद आमच्या आळीत कोणी साजरा केल्याचे मात्र माझ्या पाहण्यात आले नाही.

मी राहतो ते विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणहून कर्जतकडे निघाले की लागणारे पहिले स्थानक. त्याच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. 2018 च्या त्या 111 शहरांत उल्हासनगरचे नावच नव्हते. म्हणजे रुळांच्या एका बाजूचे विद्यार्थी परीक्षेला बसले होते आणि दुसऱ्या बाजूच्यांना हॉलतिकीटच मिळाले नव्हते! पण माझी तक्रार ती नाही. माझी तक्रार विषयांबद्दल आहे. 2018 मध्ये 100 पैकी 45 गुण पाणी, रस्ते, घरे, वाहतूक अशा भौतिक सोयींना होते. दुसऱ्या खेपेस 30 गुण नागरिकांच्या मताला दिले, ही सुधारणा चांगली झाली. तरीही या सोयी घेणाऱ्या माणसाला शेजार कसा मिळतो, या विषयाचा पेपर दोन्ही वेळा निघाला नाही.

तो पेपर मराठी लेखकांनी तपासला आहे. म्हणून सरकारी निकालपत्र बाजूस ठेवून, आपल्या साहित्याने शहराला कोणकोणत्या विषयांत गुण दिले ते वाचकांबरोबर पाहावे असा माझा विचार आहे.

प्रारंभ गोविंद नारायण माडगावकरांपासून करावा लागतो. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी 1863 साली 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रस्ते, तळी, बाजार, देवळे, गोदी, नाना जातींचे आणि नाना भाषांचे लोक, असे सारे त्यांनी कुतूहलाने टिपून ठेवले. पाच वर्षांनी, 1868 मध्ये, ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' आले. शहर ही त्या पिढीला नवलाची वस्तू होती. सोय पाहून हरखणारी ही दृष्टी होती, आणि ती खोटी नव्हती. ज्याने डोक्यावरून पाणी वाहिले आहे त्याला नळाचे अप्रूप वाटणारच.

पुढे शंभर वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. 1958 साली पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आली आणि शहराचे सगळे गुण सोबतीला मिळाले. चाळकऱ्यांची भांडणे, मंडळे, उपासतापास वाचताना आपण पोट धरून हसतो आणि शेवटच्या चिंतनाशी आले की गप्प होतो. हे पुस्तक थोर आहे याविषयी वाद नाही. पण त्याने आपल्या मनावर केलेल्या जादूविषयी थोडा वाद घालण्याची वेळ आता आली आहे. आपण त्यातली चाळ आठवतो आणि खरीखुरी चाळ विसरतो. खरी चाळ म्हणजे मजल्याला मोजके नळ, सामाईक संडास आणि दहा-बारा फुटांच्या खोलीत तीन पिढ्या. तिथे दार उघडे राही त्यात मायेचा भाग होताच, परंतु बंद केले तर आत जीव गुदमरे हाही भाग होता. साखर उसनी मागितली जाई ती संपली म्हणून. या टंचाईतून जे जिव्हाळ्याचे नाते निर्माण झाले त्याचे कौतुक करताना आपण टंचाईलाच सद्गुण समजू लागलो. पहाटे चारला उठून पाण्याचा नंबर लावणाऱ्या बाईला विचारले असते, तर तिने त्या जिव्हाळ्यातला अर्धा देऊन घरात एक नळ मागून घेतला असता, असे मला वाटते.

एखादा वाचक म्हणेल, सोय मिळाली की सोबत जाते, हा जगाचा नियमच आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी 500 चौरस फुटांची घरे बांधण्यात आली आणि पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या ऑगस्ट 2025 मध्ये रहिवाशांना मिळाल्या. त्या उंच इमारतींत आता चाळीचा गलबला राहील काय, अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. हळहळ करणाऱ्यांत त्या खोलीत राहिलेले किती आणि चाळीवर प्रेम करणारे वाचक किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. मला स्वतःला हा नियम मान्य नाही. सोयीमुळे सोबत जात नाही. ती कशाने जाते, याचे उत्तर मला त्याच काळातल्या दुसऱ्या एका पुस्तकात सापडले.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 चा. त्यातील याच नावाच्या कथेचा नायक रेल्वेत नोकरी मिळवून गुजरातेत जातो आणि राहायला खोली शोधू लागतो. तिथे पहिला प्रश्न येतो तो जातीचा. तो आपली जात सांगत नाही. आपण मुंबईकर आहोत असे सांगतो. या एका उत्तरात बागुलांनी शहराला जे गुण दिले आहेत ते कोणत्याही सरकारी तक्त्यात नाहीत. शहर म्हणजे जिथे गावाचे नाव हीच पुरेशी ओळख ठरावी अशी जागा! पण कथा तेथे थांबत नाही. त्याला खोली मिळते, मान मिळतो, मित्र मिळतात आणि जात उघडी पडताच त्याच हातांचा मार मिळतो. म्हणजे सोबत होती ती अटीवरची होती.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, विचारपूस आणि चौकशी. दोन्हींत विचारणेच असते. पण 'कसे आहात?' ही विचारपूस, आणि 'कोण आहात?' ही चौकशी. चाळीच्या गोडव्यात आपण या दोहोंची गल्लत केली. विचारपूस जिथे चौकशीनंतरच सुरू होते, तिथला शेजार कितीही गोड असो, तो काहींच्याच वाट्याचा असतो. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील गेल्या वर्षी भाड्याची खोली शोधत होते. डिपॉझिटची रक्कम हातात होती. तरी दोन ठिकाणी आडनाव विचारून आणि एका ठिकाणी 'तुमच्यात काय खातात?' असे विचारून त्यांना परत पाठवले. नळ, मीटर, लिफ्ट, सगळी सोय त्या इमारतींत होती. गुण द्यायचे तर तिला पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

याच्या उलट उदाहरण नारायण सुर्व्यांचे आहे. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले आणि त्याला आपले नाव दिले. त्याने मुलाची जात विचारली नाही. विचारली असती तरी सांगणार कोण? तेच मूल पुढे शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, आणि 1966 मध्ये 'माझे विद्यापीठ' लिहून मराठी कवितेत कामगारांची मुंबई घेऊन आले. गिरणगावात सोय किती होती, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या एका क्षणी मुंबई राहण्यास चांगले शहर होती, एवढे मी खात्रीने म्हणेन.

मग उत्तम शहर कोणते? माझ्यापुरते उत्तर असे आहे. जिथे पाणी, शाळा आणि दवाखाना अनोळखी माणसाला अनोळखी म्हणूनच, वशिल्यावाचून मिळतात, आणि जिथे शेजारी आधी कसे आहात ते विचारतो, ते शहर राहण्याजोगे. पहिली गोष्ट नगरपालिकेने करावयाची आहे, दुसरी आपण. एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. आमच्या रुळांपलीकडे फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. 1949 मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तरी पत्ता सांगताना लोक आजही कॅम्पचा नंबर सांगतात. त्या माणसांना घर हवे होते आणि शेजारही हवा होता. एक मिळाल्यावर दुसरे मागू नये, असे त्यांना कोणी सांगितले असते तर ते हसले असते.

फराळाची ताटे आता घरोघर फिरू लागतील. यंदा एखादे ताट मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या, अजून दारावर पाटीही न लावलेल्या बिऱ्हाडाकडे जाऊ द्या. आत कोण राहते ते चकल्या संपेपर्यंत कळेलच, आणि नाही कळले तरी चकल्यांची चव काही बिघडणार नाही.