इसिसचा विलाप

प्राचीन इजिप्तच्या इसिस व नेफ्थिस या देवीभगिनींचा विलाप टॉलेमी राजवटीतील एका पपायरसवर उतरलेला असून, ती प्रत (क्रमांक ३००८) बर्लिन येथे जतन केलेली आहे. सेतने मारलेल्या ओसायरिसला, इसिसच्या बंधूला व पतीला, त्या दोघी आळवितात. वाचकाला प्रथम खटकते ती पुनरुक्ती: घरी परत येण्याची तीच ती विनवणी. परंतु हा काव्यदोष नव्हे. ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गात कालिदासाची रती विलाप करते, तो शोक तिचा एकटीचा. इसिसचा शोक मात्र विधीत उतरला आहे. दोन स्त्रियांच्या बाहूंवर या देवींची नावे लिहून हा पाठ व्हावा, असे त्या पपायरसातच सांगितले आहे. शिवाय ही प्रत एका स्त्रीच्या ‘मृतांच्या ग्रंथा’स जोडलेली आहे. मृत व्यक्तीस ओसायरिसचेच नाव लाभे. त्यामुळे देवीने पतीसाठी ढाळलेले अश्रू त्या स्त्रीच्याही वाट्यास आले. घारीचे रूप घेणारी ही देवी परलोकाची वाट दाखविते ती उपदेशाने नव्हे, हाकेने. आपल्याला कोणी हाक मारीत आहे, एवढ्याच आधारावर जिवाने अंधार ओलांडावयाचा! म्हणूनच येथील पुनरुक्ती कंटाळवाणी न होता आर्त होते. कारण हाक एकदाच मारून कोणी थांबत नाही.