‘दुसरे घर’ : एका न्यायनिर्णयातील युक्तिवादाची चिकित्सा

गीरमधील काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे सहा महिन्यांच्या आत न्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी दिला. मानवकेंद्री दृष्टी सोडून सृष्टिकेंद्री दृष्टी स्वीकारणारा हा निर्णय गौरवास पात्र आहे. त्यातील मुख्य युक्तिवाद मात्र तपासून पाहावयास हवा. एकाच वनप्रदेशात एकवटलेली जाती एखाद्या साथीने समूळ नष्ट होऊ शकते. सबब तिला ‘दुसरे घर’ हवे, असा तो युक्तिवाद.

त्याचे पूर्वपद निर्विवाद आहे. १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एकतृतीयांश सिंह श्वानांच्या डिस्टेंपर रोगाने दगावले. २०१८ साली गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात अवघ्या काही आठवड्यांत २३ सिंह मृत्युमुखी पडले. त्यांतील काहींत याच रोगाचे विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवून दिले.

उणीव आहे ती उत्तरपदात. ‘घर’ या रूपकात जागा निर्मळ असल्याचे गृहीत धरलेले असते. परंतु कुत्री, गुरे व गोचीड गीरभोवती आहेत, तशीच ती कुनोभोवतीही आहेत. शिवाय प्राणी एकटा प्रवास करीत नाही. त्याच्या देहातील परजीवी व विषाणू त्याच्याबरोबर जातात, आणि पकड व पिंजरा यांच्या ताणाने सुप्त रोग उफाळून येतात. स्पेनच्या माजोर्का बेटावरील दुर्मीळ भेकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बंदिवासात वाढवून बेटावर सोडलेल्या भेकांबरोबरच घातक कायट्रिड बुरशी तेथे पोहोचली, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले. रक्षणकर्त्यांनीच रोग वाहून नेला.

नवी भूमीही नवे संकट उभे करते. कुनोत आणलेल्या आफ्रिकी चित्त्यांना विलगवासात ठेवण्यात आले होते. तथापि २०२३ च्या पावसाळ्यात मानेपाठीवरील जखमांत अळ्या पडून, रक्तात विष भिनून तीन चित्ते दगावले.

यावरून सिंह गीरमध्येच कोंडून ठेवावेत, असा निष्कर्ष निघत नाही. २०१८ ची साथ त्याच्या विरुद्धच साक्ष देते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत असे न्यायालयाने सांगितले आहे, आणि त्या तत्त्वांत रोगविचारही येतो. परंतु निर्णयाच्या विवेचनात रोग हा स्थलांतराचे कारण म्हणून येतो, परिणाम म्हणून येत नाही. ‘जातीचे सर्वोत्तम हित’ ही न्यायालयाचीच कसोटी मानावयाची, तर राहण्यातील व नेण्यातील धोके एकाच तराजूत तोलावयास हवेत. निघण्यापूर्वीची रक्ततपासणी, गावकुत्र्यांचे लसीकरण आणि सोडल्यानंतरची दीर्घकाळ देखरेख यांवाचून दुसरे घर हे केवळ साथीचे दुसरे ठिकाण ठरेल.