विरहाची लावणी आणि टँगोगीत : दुःखाचा आवाज कोणाचा?

प्रस्तावना

पोवाडा म्हणजे वीररस आणि लावणी म्हणजे शृंगाररस अशी ढोबळ विभागणी मराठी शाहिरी काव्याच्या अभ्यासात रूढ झालेली आहे. त्यामुळे लावणीतील विप्रलंभ शृंगार, म्हणजेच विरहाचे दुःख, बहुधा उपेक्षित राहिले. प्रस्तुत लेखात उत्तर पेशवाईतील विरहाच्या लावणीचा अर्जेंटिनातील टँगोगीताशी तुलना करून विचार केला आहे.

विरहाची पार्श्वभूमी

राम जोशी (१७६२–१८१२), होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम व प्रभाकर यांच्या काळात दसऱ्याचे सीमोल्लंघन केवळ विधी नव्हते. मराठी फौजा त्यानंतर मुलुखगिरीवर निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतण्याचा प्रघात होता. मोहीम लांबली की घरच्या स्त्रीचे वर्षच्या वर्ष वाट पाहण्यात जाई. लावणीतील विरहिणी सखीजवळ मन मोकळे करते, ऋतू मोजते. पोवाड्यात जी स्वारी पराक्रम म्हणून गाजते, तीच लावणीत रिकाम्या शेजेचे कारण ठरते.

टँगोगीताची जडणघडण वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्समध्ये युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची गर्दी झाली; त्यांत पुरुषांची संख्या अधिक होती. १९१७ मध्ये कार्लोस गार्देल यांनी पास्कुआल कोंतुर्सी यांचे ‘मी नोचे त्रिस्ते’ हे गीत गायिले आणि भग्न प्रेमाच्या टँगोगीताची परंपरा रुजली. तेथे सोडून जाणारी स्त्री असते आणि एकाकी खोलीत झुरणारा पुरुष.

साम्य आणि भेद

लावणीतील विरहाला परतीची आशा आहे. टँगोतील विरहाला ती सहसा नाही. विरहिणी दैवाला बोल लावते, तर टँगोतील पुरुष बहुतेकदा त्या स्त्रीलाच दोषी ठरवतो. मात्र दोन्हीकडील रचनाकार प्रामुख्याने पुरुष आहेत. पेशवाईतील तमाशात स्त्रीचे दुःख नाच्या पोऱ्या साकारी. उलट ब्युनोस आयर्समध्ये असुसेना मायसानी पुरुषी वेशात टँगो गात असत. म्हणजे येथे आवाज आणि अनुभव यांचे नाते सरळ नाही.

श्रोत्याचा विचार केल्यास प्रश्न अधिक गंभीर होतो. टँगो ऐकणारा पुरुष स्वतःच्या एकाकीपणाचे सांत्वन शोधतो. लावणीचा श्रोता तर बऱ्याचदा मोहिमेवर जाणारा पुरुषच होता. ज्याच्या जाण्यामुळे दुःख उद्भवले, त्यालाच ते ऐकवले जात होते. ‘आपली कोणीतरी वाट पाहत आहे’ हे ऐकण्यात त्याच्या अहंकाराचीही तृप्ती होती. म्हणून या लावण्यांना स्त्रीमनाचा थेट उद्गार म्हणणे धाडसाचे ठरेल.

तथापि त्यांना केवळ पुरुषी कल्पनाविलास म्हणणेही अपुरे आहे. बैठकीच्या लावणीत एकच ओळ अनेक अदांनी खुलवली जाते. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्यासारख्या गायिकांनी याच अदाकारीतून शब्दांत नसलेली तक्रार, उपहास आणि मान प्रकट केला. शब्द शाहिराचे राहिले, अर्थ मात्र गाणारीच्या हाती गेला.

निष्कर्ष

विरहाच्या लावणीतील दुःख एकट्या कवीचे नाही आणि एकट्या नायिकेचेही नाही. ते रचना, गायन व श्रवण यांच्यात विभागलेले आहे. केवळ छापील संहितेवरून लावणीचे मूल्यमापन करणारी समीक्षा म्हणूनच अपुरी ठरते. गाणाऱ्या स्त्रीला अर्थाची सहनिर्माती मानल्याशिवाय या काव्यप्रकाराला न्याय मिळणार नाही.